द्यायचाच ना?

"सर, दोनचा डोस द्यायचाच ना?"

दाराच्या फटीतून हा प्रश्न आला तेव्हा मी ड्यूटी रूममधल्या खाटेवर बूट न काढता आडवा झालो होतो. १९९७ चा जुलै. कोकणातलंच, पण आमच्या पूर्णगडपासून बरंच लांबचं एक ग्रामीण रुग्णालय. त्याचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, इमारतीची नव्हती. पत्र्यावर पाऊस असा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. डोळे न उघडता मी म्हणालो, "केसपेपरवर लिहिलंय ना? द्या."

एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण होती. दुपारी जीपमधून आणली तेव्हा वाटेत दोनदा झटके येऊन गेलेले, रक्तदाब चढलेला, चेहरा सुजलेला. वर पाठवावी तर रस्त्यावर दरड. संध्याकाळी तिथेच बाळंत झाली. बाळ किरकोळ अंगाचं, पण रडलं. झटके परत येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि या आजारावर हेच औषध सरस, हे पक्कं झालं. आम्ही नव्याने शिकून बाहेर पडलेले डॉक्टर त्यावर फार खूश होतो. आधी शिरेतून ४ ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम, आणि मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. सहाला सुरुवात, दहाचा डोस झालेला, आता दोनचा.

हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते रक्तात साचत जातं. आधी गुडघा उडायचा थांबतो, मग श्वास मंदावतो, मग तोही थांबतो. म्हणून प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी बघायच्या: हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का, आणि चार तासांत लघवी निदान शंभर मिली झाली का. परीक्षेत मी हे घडाघडा म्हणून दाखवलं होतं. त्या रात्री खाटेवरून उठलो नाही.

सिस्टर गेल्या. पाच-सात मिनिटांनी परत आल्या. या वेळी दार पूर्ण उघडून.

"सर, गुडघा उडत नाही. दोन्हीकडे बघितला. लघवीच्या पिशवीत दहापासून पन्नास मिली. श्वास बारा. मी डोस दिलेला नाही. तुम्ही येऊन बघा."

आता या जागी मी धावत गेलो असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी ओरडलो. "डॉक्टर मी आहे की तुम्ही?" हे वाक्य पुऱ्या वॉर्डला ऐकू गेलं. पेशंटची सासू उठून बसली. कोपऱ्यात दोन शिकाऊ मुली कापसाचे बोळे करत होत्या, त्यांचे हात थांबले. सिस्टर वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. त्यांनी आवाज चढवला नाही, खाली मानही घातली नाही. तेच तीन आकडे त्याच क्रमाने परत सांगितले आणि वॉर्डाकडे चालू लागल्या. मला मागून जावंच लागलं.

हातोडी मारली. पाय मेणाचा असावा तसा पडून राहिला. वळून बघतो तो ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा मिलीची अँप्युल, सिरिंज, स्पिरिटचा बोळा, सगळं मांडून ठेवलेलं. मला हाक मारायला येण्याआधीच त्यांनी उतारा तयार ठेवला होता. शिरेतून सावकाश दिला, दहा मिनिटं घड्याळ बघत. तासाभराने श्वास सोळावर आले, पहाटे पिशवी भरू लागली. अकराव्या दिवशी ती मुलगी बाळाला घेऊन चालत घरी गेली.

मी सिस्टरांचे आभार मानले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी इन्चार्ज बाईंकडे "त्या पेशंटसमोर वाद घालतात" असं पुटपुटून आलो. हे लिहिताना आजही कान तापतात.

आठवडा गेला. एका दुपारी ओपीडी संपल्यावर त्या चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक माझ्यासमोर ठेवला, उभ्या राहूनच म्हणाल्या, "सर, तुम्ही मला बोललात त्याचं मला काही नाही, आम्हाला सवय असते. पण त्या दोघी नवीन मुली होत्या ना, त्या आता तुम्हाला रात्री उठवणार नाहीत. परवा एकीचं सलाइन दोन तास अडलं होतं. मी विचारलं, सरांना का नाही सांगितलं? तर म्हणाली, सर चिडतात."

एवढं बोलून त्या स्वतःचा कप घेऊन निघून गेल्या.

त्यात तक्रार नव्हती, उपदेश तर नव्हताच. काय घडलं, त्याने पुढे काय झालं, एवढंच. मला पुढे मोठमोठ्या संस्थांमधून माझ्या कामाचे लेखी अहवाल मिळाले, रंगीत तक्त्यांसकट. त्या दोन मिनिटांच्या तोडीचा एकही नव्हता. डॉक्टरच्या ओरडण्याने सिस्टरचा अपमान होतो हे सगळ्यांना कळतं. त्या ओरडण्याची खरी किंमत मात्र पुढच्या कुठल्या तरी रात्री, न आलेल्या हाकेत, तिसऱ्याच पेशंटला मोजावी लागते. हे मला कुठल्याही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीला घरी आलो. घर खाडीकाठी, किल्ल्याच्या पायथ्याशी. मुचकुंदी इथे समुद्राला मिळते. पलीकडे गावखडी. आता पूल आहे. लहानपणी तरीतून जायचो. बाबा तांडेल होते, त्या सुमारास नुकतेच बोटीवरून उतरलेले. ओसरीवर सगळा प्रसंग त्यांना सांगितला. थोडा स्वतःला झाकत, थोडा उघडा करत. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिनं सांगितल्यावर तू परत काय बोललास?"

मला वाटलं, ते रागावण्याबद्दल विचारतायत. पण त्यांना ते म्हणायचं नव्हतं. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू सरकत असते. या पावसाळ्यात इथे, तर पुढच्या पावसाळ्यात दोन वाव अलीकडे. ओहोटीला बोट आत घ्यायची तर नाळेवर एक पोरगा उभा राहतो, बांबू टाकत. तो ओरडतो, "दीड वाव!" सुकाणूवरचा तांडेल तेच मोठ्याने परत ओरडतो, "दीड वाव!" मग बोट वळते. मी सुट्टीत बाबांबरोबर जायचो तेव्हा मला ही गंमत वाटायची, पोपटासारखं परत कशाला म्हणायचं? नाळेवरच्या पोराला त्यामुळे कळतं की आपला शब्द मागे पोचला. परत आवाज आला नाही तर त्याने पुन्हा ओरडायचं, तेही नाही तर बांबू आपटायचा. आणि तो पोरगा बहुतेक वेळा बोटीवरचा सगळ्यांत लहान, सगळ्यांत कमी वाटा घेणारा.

म्हणजे बाबा विचारत होते: पन्नास मिली, श्वास बारा, हे तू तिला परत म्हणून दाखवलंस का?

पुढे भूल देण्याचं शिक्षण घेतलं, तेव्हा याच गोष्टीची इंग्रजी नावं भेटली. सोबत काही कहाण्याही. २७ मार्च १९७७, तेनेरिफ बेटावरचा धुकं दाटलेला विमानतळ. समोर धावपट्टीवर दुसरं जंबो विमान अजून असावं अशी शंका डच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला आली. त्याने ती विचारली; प्रश्नाच्याच रूपात. कंपनीतला अतिशय नावाजलेला कॅप्टन ठामपणे उत्तरला, आणि इंजिनिअर गप्प झाला. ५८३ माणसं गेली. हे वाचताना मी खुर्चीत ताठ झालो. तो प्रश्न मराठीत असता तर त्यात 'च' आणि 'ना' नक्की असते.

आपल्याकडे वरच्याला धोका सांगायचा म्हणजे तो प्रश्नात गुंडाळून द्यावा लागतो. "सर, जरा बघता का?" "मॅडम, हेच ना?" "द्यायचाच ना?" परक्याला ही नम्रता वाटेल. पण "द्यायचा ना?" आणि "द्यायचाच ना?" यांतलं अंतर वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा. पहिल्यात माहिती हवी असते. दुसऱ्यात बाई सांगत असते की मला हे बरं दिसत नाही. सिस्टरांनी आधी 'च' वापरून बघितला. मी बहिरा निघालो. मग त्यांनी प्रश्न टाकून दिला आणि आकडे बोलल्या. सगळ्याच परत येत नाहीत.

इंग्लंडात २९ मार्च २००५ ला इलेन ब्रॉमिली नावाच्या तरुण आईच्या सायनसच्या साध्या ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर तोंडातून नळी घालायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्यातून वाट करण्याचं साहित्य आणलं, आणल्याचं सांगितलंही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मागितली. काय करायला हवं ते खोलीतल्या काहींना दिसत होतं. ते ऐकलं जाईल असं कसं बोलायचं, ते सुचलं नाही. तेरा दिवसांनी इलेन गेली. तिचा नवरा मार्टिन विमानचालक. त्याने पुढचं आयुष्य डॉक्टरांना हे सांगण्यात घातलं, आणि तेही कुणावर सूड न उगवता. मी ही हकिकत जेव्हा जेव्हा शिकवतो, तेव्हा त्या आणलेल्या साहित्यापाशी अडखळतो. माझ्या बाजूलाही एक ट्रे मांडलेला होता.

यावर उपाय म्हणून याद्या आल्या. ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून निघून अमेरिकेत सर्जन झाले, त्या अतुल गावंडेंच्या पुढाकाराने २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ कलमी यादी तयार झाली. आठ शहरांत ती वापरून बघितली, त्यांत दिल्ली होतं. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं. त्या यादीतलं मला सर्वांत आवडलेलं कलम औषधांचं नाही, यंत्रांचंही नाही. काप घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, एवढंच ते आहे. एकदा तोंड उघडलेलं माणूस दुसऱ्यांदा उघडायला कमी बिचकतं. आमच्या थिएटरात सुरुवातीला सगळे हसले. "सर, आम्ही दहा वर्षं एकत्र आहोत, नावं काय सांगायची?" सफाईवाल्या मावशींनी मात्र पदर सावरून पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट सांगितलं. त्याच मावशी महिनाभराने म्हणाल्या, "डॉक्टर, हिचं पॅड मी अर्ध्या तासात तिसरं बदलतेय." रक्तस्राव मॉनिटरच्या आधी त्यांना कळला होता.

यादीने सगळं होतं असं मात्र नाही. बाळंतपणासाठी अशीच यादी घेऊन गावंडेंच्या गटाने उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत मोठा प्रयोग केला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: कामाच्या पद्धती सुधारल्या, पण माता-बालकांचे मृत्यू म्हणावे तसे हलले नाहीत. कारणं अनेक असतील. मी मात्र रकाने आधी भरून ठेवलेल्या याद्या आमच्याकडेही पाहिल्यात, पेशंट टेबलावर यायच्या आत.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी तीन-चार सवयी लावून घेतल्या, त्या सगळ्या उसन्या. फोनवर डोस सांगितला की समोरच्याकडून परत म्हणून घ्यायचा. 'फिफ्टी' म्हटल्यावर "पाच-शून्य" असा. एखादी केस बिघडली की बैठकीत सर्वांत धाकट्याने आधी बोलायचं, मी शेवटी. विनाकारण उठवलं तरी "बरं केलंत" म्हणायचं, झोप मोडल्याची शिवी पोटात ठेवून. हे सर्वांत अवघड. दोनदा चुकलो, दोन्हीदा दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. ओरडलो सगळ्यांसमोर होतो.

सिस्टरांशी पुढे दिवाळीचे फोन तेवढे राहिले. चार वर्षांपूर्वी त्या नातवाला घेऊन पावसला स्वामींच्या मठात आल्या आणि तिथून पूर्णगडला आमच्या घरी. बाबा तोवर गेले होते. जेवणं झाल्यावर आम्ही जांभ्याच्या पायऱ्या चढून किल्ल्यावर गेलो. किल्ला छोटा, फेरी पंधरा मिनिटांत होते. दरवाजावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले. नातू ते शोधत बसला. आम्ही समुद्राकडच्या दरवाजाशी टेकलो. चोवीस वर्षांचं थकलेलं मी तिथे बोललो. त्या रात्रीबद्दल, इन्चार्ज बाईंकडे केलेल्या चहाडीबद्दलसुद्धा.

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "मॅग्नेशियमची ना? मला ती नीट आठवत नाही हो, सर. अशा दोन-तीन झाल्या."

मग म्हणाल्या, "मला दुसरी आठवते. तुमच्या आधीची, मी नवीन होते तेव्हाची. तिथेही मी विचारलं होतं, द्यायचंच ना म्हणून. सर म्हणाले, द्या. मी दिलं."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. ओहोटी लागली होती. खाली एक बोट खाडीत शिरत होती. आता यंत्रावर तळ दिसतो, तरी नाळेवर एक पोरगा उभा होताच. तो हात तोंडाशी नेऊन काहीतरी ओरडला. वाऱ्यात ते वर पोचलं नाही. सुकाणूवरच्याने मान वर करून त्याला काहीतरी परत ओरडलं आणि बोट गावखडीच्या अंगाला वळली.