तडा

हाड मोडणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अपघात येतो. कोणी बैलगाडीवरून पडतो, कोणी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरतो. परंतु दुखरा गुडघा बरा व्हावा म्हणून माणसाला दवाखान्यात न्यावे आणि तेथेच, शस्त्रक्रिया चालू असताना हाड तडकावे, याला काय म्हणावे? गेल्या वर्षी आमच्या घरावर हा प्रसंग आला.

आमचे माकणी गाव तेरणेच्या धरणाकाठी. त्या धरणाच्या कामावर आजीने घमेली वाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घर पुन्हा उभे करताना दगड-वाळू वाहिली. सत्तरीत गुडघ्यांनी दगा दिला. गुडघा बदलणे ही मोठ्या लोकांची गोष्ट, असे आम्हांला वाटे. २००० साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा या शस्त्रक्रियेची सर्वत्र चर्चा झाली. २०१७ साली केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. मग वडिलांनीही कर्ज काढून धाडस केले.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वडिलांना एक्स-रे दाखवून स्पष्ट सांगितले, "सांधा बसवताना मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूस तडा गेला. स्क्रूने तो तिथेच जोडला आहे." गावात मात्र बातमी पोहोचली ती अशी : "डॉक्टरनं म्हातारीचं हाड मोडलं!"

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजी कागद वाचून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले. या शस्त्रक्रियेत हाडांची टोके करवतीने कापतात आणि सांधा ठोकून बसवतात. म्हातारपणी, विशेषतः स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात. ती कधी हा घाव सोसत नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८५ ते २००५ या काळातील १७,३८९ शस्त्रक्रिया तपासल्या, त्यांत ६७ वेळा हाड मोडले होते. म्हणजे हजारात साधारण चार. तडा वेळीच दिसला तर उपाय असतो. हाड जागचे हलले नसेल तर कधी केवळ भार टाळूनही भागते. एरवी स्क्रू घालतात. गरज पडल्यास लांब दांड्याचा सांधा बसवतात, म्हणजे भार तडा ओलांडून पुढच्या धड हाडावर जातो. खरा धोका न दिसलेल्या तड्याचा.

खरी परीक्षा पुढे घरी झाली. सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नाही. पण गुडघा वाकवत राहायचे, नाहीतर तो आखडतो. जन्मभर उभी राहिलेली बाई वॉकर धरून पाऊल मोजू लागली. शेजारणी तेल चोळायला सांगत, कोणी हाडवैद्याचे नाव सुचवी. आजी कुणाला बधली नाही.

आता ती काठी टेकत देवळापर्यंत जाते. दुसऱ्या गुडघ्याचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. वडील म्हणतात, "आता नको." आजीचे उत्तर ठरलेले, "भूकंपात भिताडाला तडा गेला, तवा आपुन बघितला म्हून आधार दिला. ह्या डॉक्टरनं बघितलं बी आन् सांगितलं बी. त्येच्याकडंच जायाचं."

निर्णय अजून व्हायचा आहे. पण चूक असो वा दैव, ती त्याच क्षणी पाहणे, सावरणे आणि न लपवता सांगणे यावर माणसाचा विश्वास उभा राहतो, हे मला पुस्तकाआधी माझ्या अडाणी आजीने शिकवले.