दुसऱ्याची वही

परळच्या प्रजनन-संशोधन संस्थेत पीएचडी करणारी ती रात्री रोजनिशी लिहायला बसते. आज प्रयोगाबद्दल दोनच ओळी. बाकी सगळं आनंदकुमारांबद्दल.

डॉ. टी. सी. आनंदकुमार याच संस्थेचे संचालक होते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजांसोबत त्यांनी केलेल्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईत टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. देशातलं पहिलं म्हणून गाजलं.

पुढे त्यांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांची टिपणं वाचली. त्यांच्याही प्रयोगातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं होतं: गर्भ ५३ दिवस गोठवलेला, बाळाचा जन्म १९७८चा! सरकारी समितीने मुखोपाध्यायांना खोटं ठरवलं होतं. १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

१९९७मध्ये आनंदकुमारांनी पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. म्हणजे स्वतःचा सोडला. (शोधनिबंधावरच्या नावांच्या क्रमावरून होणारी भांडणं तिने पाहिली आहेत.)

मग ती प्रयोगवही उघडते, आजची राहिलेली तारीख घालते.