खूर ओलं होण्याआधी

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरचा टोलनाका म्हणून उर्से हे नाव लाखो प्रवाशांच्या ओळखीचं आहे. गावाकडे वळून बघणारे त्यात थोडे. मावळातलं हे गाव दोन पावसांच्या मध्ये वसलं आहे. पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे जावं तसा तो विरळ होत जातो आणि बारामतीच्या माळावर जेमतेम ५०० मिलिमीटरवर येतो. माणूस हा फरक छत्रीने निभावून नेतो. जनावराला तो खुरांनी आणि फुप्फुसांनी सोसावा लागतो. म्हणून इथल्या चराईचं शहाणपण एकाच प्रश्नाभोवती फिरत आलं आहे : पाऊस उतरेल तेव्हा जनावर कुठे असेल, आणि तोवर त्याची तयारी काय झाली असेल?

मेंढरांनी हा प्रश्न चालून सोडवला. दख्खनी मेंढी काटक. ऊन, काटे, उपास ती सोसते. चिखल मात्र सोसत नाही. खुरांच्या बेचक्यात ओल राहिली की कातडी मऊ पडते, जंतू शिरतात, खूर कुजायला लागतो. लंगडी मेंढी कळपाच्या मागे पडते, मागे पडली की उपाशी राहते. भिजलेली लोकर दिवसदिवस वाळत नाही, छाती भरते. दमट हवेत चिलटं माजतात आणि त्यांच्या चाव्यातून नीलजिव्हा हा रोग पसरतो. तोंड सुजतं, जीभ निळसर पडते. हे सगळं टाळायचं तर एकच वाट होती. पावसाळा कोरड्या माळावर काढायचा, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं आणि ढग भरून यायच्या आत परत फिरायचं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात धनगरांच्या पोटजातींवर लिहिताना हीच वाटणी दाखवून दिली. मेंढ्या पाळणारे हटकर कमी पावसाच्या पट्ट्यात, तर म्हशी पाळणारे गवळी धनगर घाटमाथ्याच्या धो धो पावसात. ज्या जनावराला जे पाणी मानवतं, तिथे त्याचा धनी. पशुवैद्यकाचं एकही पुस्तक हाती नसताना पिढ्यांनी जमवलेली ही व्यवस्था पाहून मन भरून येतं.

मावळातल्या गाई-बैलांना मात्र कुठे जायचं नसतं. भाताच्या खाचरात चिखलणी त्यांनीच करायची. त्यामुळे त्यांची तयारी दावणीलाच, आणि तीही मे महिन्यात व्हायला हवी. पहिल्या पावसाबरोबर घटसर्प येतो. सडकून ताप, गळ्याला सूज, श्वासाची घरघर, आणि कित्येकदा एका दिवसात सगळं संपतं. फऱ्या त्याहून फसवा. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात आणि सहा महिने ते दोन वर्षांची, अंगाने भरलेली तरणी जनावरं तो आधी धरतो. मांडीवरची सूज दाबली की चरचर वाजते. दोन्हींवर लस आहे. पण लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मृग बरसल्यावर डॉक्टरांना बोलावणाऱ्याचे हेच आठवडे हातचे जातात. लस दिली की दोन दिवस दूध घटतं, म्हणून कुणी टाळाटाळ करतं. घर दुधावर चालत असेल तर ही चिंता खरीच आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण दोन दिवसांचं दूध आणि अख्खी गाय यांचा हिशेब पशुधन पर्यवेक्षकाने गोठ्यात बसून, शांतपणे मांडून दाखवायला हवा.

मेंढरांचंही मे महिन्यात एक काम असतं : आंत्रविषाराची लस. कोवळं गवत भराभर खाल्लं की आतड्यातले जंतू विष सोडतात, आणि कळपातलं सगळ्यात गुटगुटीत कोकरू सकाळी मेलेलं सापडतं.

२०२२चा पावसाळा सगळ्यांचीच परीक्षा घेऊन गेला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लंपी चर्मरोग दिसला आणि काही आठवड्यांत राज्यभर पसरला. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज. डास, माश्या आणि गोचीड हा विषाणू नेतात, म्हणजे बांधावर चरणारं प्रत्येक जनावर त्याच्या टप्प्यात. जनावरांचे बाजार बंद झाले. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये कुठे वाट मोकळी केली होती, त्याही थांबल्या. शर्यतीचा बैल घरच्या लेकरासारखा जपणाऱ्या मावळाला ते फार लागलं. त्या साथीत गाईंना वाचवायला धावून आली ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, त्यामुळे एकाची लस दुसऱ्याला अडवते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने खास लंपीसाठी तयार केलेली लस त्याच ऑगस्टमध्ये जाहीर झाली.

लशीच्या ताकदीबद्दल शंका असेल त्याने बुळकांडी आठवावी. या रोगाने एकेकाळी गोठेच्या गोठे ओस पाडले. भारत २००६मध्ये त्यातून मुक्त झाला, जग २०११मध्ये. त्याच कुळातला पीपीआर हा रोग शेळ्या-मेंढ्यांमध्ये अजून आहे, आणि २०३०पर्यंत तोही संपवण्याचं उद्दिष्ट जगाने ठेवलं आहे.

सुईने न टळणारी दुखणीही आहेत. डोंगरउतारावर घाणेरी माजली आहे. पोट भरलेलं जनावर तिला तोंड लावत नाही, भुकेलं लावतं. मग काविळीसारखी लक्षणं दिसतात आणि उन्हात पांढऱ्या कातडीच्या जागा सोलवटतात. अशा जनावराला आधी गोठ्याच्या सावलीत घ्यायचं, मग डॉक्टरांकडे धाव. माळ आणि गायरानं आक्रसत जातील तशी भूक वाढणार आणि घाणेरी तोंडात जाणार. चराऊ जमिनीची राखण हा म्हणूनच पशुआरोग्याचा भाग आहे आणि ग्रामसभेत तो त्याच शब्दांत मांडला गेला पाहिजे.

दिवाळी सरते, भात कापून होतो आणि मेंढरांचे वाडे पुन्हा पश्चिमेला निघतात. द्रुतगती मार्गावर जनावरांना मज्जाव, तेव्हा जुन्या रस्त्याच्या कडेने, वाहनांचे हादरे सोसत. शेतकरी वावरात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पण ज्या ओलीपासून मेंढी पावसाळाभर दूर राहिली, तिचंच एक दुखणं रिकाम्या खाचरात वाट बघत असतं. खाचरातल्या बारक्या गोगलगाईंमध्ये वाढलेले पर्णकृमी गवताच्या बुडख्याला चिकटून बसतात, चाऱ्यातून पोटात जातात आणि यकृत पोखरतात. मेंढी खंगते, डोळे फिके पडतात, जबड्याखाली पाणी उतरतं. जाणता मेंढपाळ म्हणून खाचरापेक्षा वरकस जमिनीत कळप चारतो, आणि पाणी डबक्याऐवजी विहिरीचं पाजतो. कृमींवर ऑक्सिक्लोझानाइडसारखं औषध मिळतं, पण ते मोठ्या झालेल्या कृमींनाच मारतं, यकृतातून वाट काढणारी पिल्लं त्यातून सुटतात. तेव्हा निघताना पाजलेला एक डोस पुरत नाही. दीड-दोन महिन्यांनी, कळप घाटाखाली असताना, दुसरा पाजावा लागतो, आणि त्यासाठी कोकणातल्या तळावरही पशुवैद्यक पोचावा लागतो.