निकाल लागला की...

नव्वदच्या दशकात कर्नाटकात एक आवई उठली होती. रात्री एक चेटकीण दारावर थाप मारते, ओळखीच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडलं की त्या माणसाचं काही खरं नाही. त्यावर तोडगाही निघाला. दारावर नाहीतर भिंतीवर लिहून ठेवायचं, ‘नाळे बा’. म्हणजे ‘उद्या ये’. चेटकीण ते वाचून परत जायची, दुसऱ्या रात्री यायची आणि पुन्हा तेच वाचायची. कन्नड वाचता येणारी साक्षर चेटकीण ती! मराठी घरांचं तिनं काय केलं असतं, कोण जाणे.

भुताला चकवायला युक्ती झकास आहे. पण हीच पाटी आपण भलत्याच पाहुण्यांसाठी लावून ठेवतो. हौस दारात आली, नाळे बा. प्रवास आला, नाळे बा. शहापूरची जरीकाठी साडी कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात निजलेली असते आणि तिलाही आपण तेच सांगत असतो.

आमच्या सीमाभागात तर या ‘उद्या’ला खास नाव आहे, निकाल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढी वर्षं वाट पाहिलेल्या घरांत ‘निकाल लागला की’ हे शब्द मीठमिरचीसारखे रोजच्या बोलण्यात मिसळून गेले. निकाल कसा लागावा हा इथं माझा विषय नाही. आमच्याच घरात त्यावर दोन मतं होती आणि ती रोज एकाच पंगतीला बसून जेवायची.

आमचे अण्णा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आई माहेरची संकेश्वरची, तिच्या घरी सगळा कारभार कन्नडमधून. १९८४ साली अण्णांनी घर बांधलं आणि दाराशेजारच्या भिंतीत वीतभर उंचीचा एक कोनाडा रिकामा ठेवला. त्यात संगमरवरी पाटी बसवायची होती. वर घराचं नाव, खाली गाव आणि त्याखाली राज्य. त्या शेवटच्या ओळीत ‘महाराष्ट्र’ कोरायचं अण्णांच्या मनात होतं, म्हणून पाटीच केली नाही. कोनाड्यात चिमण्यांनी घरटं केलं, नंतर आम्ही त्यात दुधाच्या पिशवीचे सुटे पैसे ठेवू लागलो.

पाटीचं एक वेळ ठीक होतं. पण पुढे तो शब्द सगळीकडेच जाऊ लागला. माडीचा गिलावा? निकाल लागला की. आईला हंपी पाहायची होती. शाळेत असताना पुस्तकात तिनं दगडी रथाचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासूनची तिची ती इच्छा. अण्णा हसून म्हणायचे, “निकाल लागू दे, मग निवांत जाऊ.” हंपीचा आणि निकालाचा काय संबंध, असं आई विचारायची नाही. ती फक्त तिच्या माहेरची म्हण पुटपुटायची, “नाळे अंदवन मने हाळु.” उद्या म्हणणाऱ्याचं घर बुडालं.

जे या प्रश्नासाठी रस्त्यावर उतरले, तुरुंगात गेले, त्यांना वाट पाहणारे म्हणता येणार नाही. त्यांचा प्रत्येक दिवस कामाचा होता. वाट पाहिली ती आम्ही घरात बसलेल्यांनी.

आणि निपाणीतच याच्या नेमकी उलट रीत होती. महादेव मोरे यांनी गॅरेजमध्ये काम केलं, गाडी चालवली, पुढे पिठाची गिरणी चालवली आणि हे सगळं करता करता ते लिहीत राहिले. बिडी वळणाऱ्या बायका, तंबाखूच्या वखारीतले हमाल, ड्रायव्हर, क्लीनर. त्यांची माणसं गिरणीच्या दारातून दिसणारीच होती. ‘एकोणिसावी जात’, ‘झोंबड’ ही नावं आमच्याकडच्या वाचकांना वेगळी सांगायला नकोत. २०२४ साली ते गेले. लेखकाला एकांत लागतो, टेबल लागतं, पेन्शन लागते, असं आम्ही प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये चहा पिताना फार गंभीरपणे बोलतो. गिरणी चालू असताना शेजारच्याचं बोलणंही धड ऐकू येत नाही, अंगावर पीठ बसतं, आणि गिऱ्हाइकाला ज्वारी घरी न्यायची घाई असते. मोरे यांच्या पुस्तकांची रांग मला म्हणून नुसती साहित्य वाटत नाही.

इंदिरा संतांचंही तसंच. १९४६ साली ना. मा. संत गेले. बेळगावात नोकरी सांभाळत, घर सांभाळत त्यांनी लिहिलं. ‘शेला’ १९५१ चा, ‘मेंदी’ १९५५ चा, ‘मृगजळ’ १९५७ चा. यांतलं कुठलं वर्ष त्यांना सोयीचं असेल?

अण्णा २०१८ मध्ये गेले. वर्षश्राद्ध झालं आणि एका संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “हंपीला एसटी जाते का गं?” उन्हाळ्याच्या सुट्टीत नेते, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि २०२० च्या जानेवारीत आम्ही दोघी निघालो. मार्चमध्ये टाळेबंदी आली. पुढची दोन वर्षं तिला अंगणापलीकडे नेणंही जमलं नसतं.

विजय विठ्ठल मंदिराच्या आवारात ती रथासमोर पायरीवर बसली. मी तिला सांगत होते की पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायानं इकडे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, असं वारकरी मानतात. अण्णांनी पंढरीची वारी कधी चुकवली नव्हती. त्यांना ही गोष्ट तिथं उभं राहून सांगायला आवडली असती. कन्नड मुलुखातला विठ्ठल आणि समोर कन्नड माहेरची बायको! आईनं सगळं ऐकून घेतलं. रथाच्या चाकावरून हात फिरवता येत नाही, दोरी लावली आहे, म्हणून ती जरा हिरमुसली. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, “एवढंच लांब होतं होय?”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

परतल्यावर भावानं कोनाड्यात पाटी बसवली. घराचं नाव मराठीत, खाली कन्नडमध्ये, त्याखाली ‘निपाणी’. राज्याची ओळ त्यानं घातली नाही; तेवढी जागा अण्णांसाठी मोकळी ठेवली आहे. आई आता बदामी म्हणते आहे. तिथल्या लेण्यांत पायऱ्या फार आहेत असं सगळे तिला सांगतात, ती ऐकत नाही. पुढच्या महिन्यातली तारीख तिनं ठरवून टाकली आणि तोच आमचा पेपर तपासणीचा आठवडा निघाला. रजेचा अर्ज मी काल दिला.