मुरूमच्या फूटपट्टीवर डोरेमॉन

बालदोस्तांनो, चला, आज मुरूमला जाऊ. सोलापुरात हैदराबादच्या बाजूची एसटी धरायची. नळदुर्गचा किल्ला मागं पडला की येणेगूरच्या आसपास महामार्ग सोडायचा आणि दक्षिणेला वळायचं. दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात कुठं तूर, कुठं ऊस. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातलं हे गाव. असंच पुढं गेलात तर कर्नाटकातलं आळंद लागेल. (ज्ञानेश्वर माउलींची आळंदी वेगळी, बरं का!) त्यामुळं इथल्या बाजारात मराठी, कानडी आणि हिंदी, तिन्ही भाषा कानांवर पडतात.

आणि घरातल्या टीव्हीवर? २००५ पासून बाविसाव्या शतकातला एक निळा यंत्र-बोका भारतात हिंदी बोलू लागला आणि बघता बघता खेड्यापाड्यांतही घरचाच होऊन गेला. ओळखलंत ना? डोरेमॉन! त्याच्याआधी जपानी कार्टून म्हणजे आपल्याकडं १९९३ सालचा दूरदर्शनवरचा मोगली. पण मोगली जंगलातला, तर डोरेमॉन अस्सल विज्ञानकथेतला. ‘फुजिको एफ. फुजिओ’ या टोपणनावाच्या चित्रकारानं १९६९ च्या अखेरीस त्याला कागदावर जन्म दिला. तो विज्ञानकथा म्हणून कितपत उतरतो, ते आज मुरूममध्येच बसून तपासू. मुंबई-पुण्यात का नाही? अहो, त्याच्या पिशवीतल्या वस्तूंची खरी गरज इथं आहे!

हवं तिथं नेणारा तो दरवाजाच घ्या. मुरूमला रेल्वे नाही. मोठं काम निघालं की सोलापूर गाठायचं, म्हणजे अख्खा दिवस गेला. अशा गावातल्या मुलाला तो दरवाजा किती मोलाचा वाटेल! मालिकेचं मोठं बळ इथंच आहे. तिच्यातलं प्रत्येक यंत्र कुठल्या ना कुठल्या मुलाच्या मनातल्या इच्छेतून निघालेलं आहे. डोक्यावर लावायचा तो पंखाही तसाच. आता विज्ञानाच्या सरांना विचाराल तर ते हसतील. पाती एका बाजूला फिरली की अंग उलट्या बाजूला गरगरायला लागणार. म्हणून तर हेलिकॉप्टरच्या शेपटीवर आणखी एक छोटा पंखा बसवतात. नोबिताला कुठं शेपूट आहे? पण ही चूक मी माफ करतो. गोष्टीत एवढं चालायचंच.

माफ न होणारी गोष्ट वेगळी आहे. सगळं फुकट मिळतं! एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. या भागातल्या मुलाला घागरीची किंमत सांगावी लागत नाही. तो लगेच विचारणार, की पिशवीतून वस्तू निघाली खरी, पण ती आली कुठून? कुणाचं काय कमी झालं? टीव्हीवरच्या दहा-बारा मिनिटांच्या गोष्टीत हा प्रश्न बहुधा येतच नाही. नोबिता रडतो, यंत्र मिळतं, तो नको ते करतो, फजिती होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! दहा भाग पाहिलेत तर अकरावा तुम्हीच लिहाल.

याउलट १९८० चा पहिला मोठा चित्रपट पाहा. नोबिता आपल्या पाळीव प्राण्याला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जगात सोडायला जातो आणि टाइम मशीन बिघडतं. मुलं अमेरिकेत अडकतात. जपानपर्यंत त्या डोक्यावरच्या पंख्यांनीच जायचं, आणि पंख्यांची बॅटरी संपत आलेली! यंत्राला मर्यादा आली आणि गोष्टीत जीव आला. इतकी सोपी युक्ती आहे.

या चित्रपटाच्या नावात नोबिताचा ‘डायनोसॉर’ आहे, पण तो प्राणी डायनोसॉर नव्हेच. तो प्लेसिओसॉर, म्हणजे समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. १९६८ साली जपानमध्ये तादाशी सुझुकी नावाच्या शाळकरी मुलाला अशाच एका प्राण्याचे अवशेष सापडले होते. शाळकरी मुलाला, ऐकताय ना? चित्रपटात त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं. प्लेसिओसॉर पिल्लांनाच जन्म देत, याचा पुरावा मात्र २०११ साली पुढं आला. म्हणजे नावाची चूक खरी, अंड्याची चूक म्हणायची नाही. १९८० साली ते कुणाला ठाऊक होतं?

आता टाइम मशीन. नोबिताच्या टेबलाच्या खणात ते असतं. मुरूमच्या उत्तरेला सास्तूर आणि किल्लारी फार दूर नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथं भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. समजा, तुम्ही त्या मशीनमधून एक रात्र आधी उतरलात. अंगणात झोपा म्हणून सांगितलंत, तर अनोळखी पोरांचं कोण ऐकणार? भिंतीच बदलायच्या तर कित्येक वर्षं मागं जावं लागेल. मग कोणत्या वर्षी उतराल? विज्ञानकथेनं पाडावेत असे हे प्रश्न. आणि आपला नोबिता ते मशीन बहुतेक वेळा आपली फजिती टाळायलाच वापरतो!

पण एक गोष्ट अशी नाही. त्यात नोबिता त्याच मशीनमधून आपल्या वारलेल्या आजीला भेटायला जातो. २००० साली तिचा छोटा चित्रपटही निघाला. तिथं आजीला परत आणणारं एकही यंत्र पिशवीतून निघत नाही. एवढ्या मोठ्या झालेल्या नातवाला आजी जवळ घेते आणि त्याच्या बोलण्यावर शंकाही घेत नाही, बस्स. ही गोष्ट लागली असेल तर अभ्यासासाठी टीव्ही बंद करायला आलेल्या आईलाही शेजारी बसवा. माझं नाव सांगा हवं तर.