पाय आणि पाते

समुद्रात चालणाऱ्या कयाकचे सुकाणू तिला वळवण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु फाल्गुन-चैत्रातल्या एखाद्या दुपारी मालवणहून वेंगुर्ल्याकडे वल्हवत निघालेल्या माणसाला त्याचे खरे प्रयोजन कळून येते. त्या वेळी वायव्येचा खारा वारा उजव्या खांद्यामागून येत असतो. पुढे सरकणाऱ्या होडीची नाळ पाण्याच्या दाबाने धरली जाते, पिछाडी मात्र खळबळलेल्या पाण्यात सैल राहते. वारा ती पिछाडी ढकलतो आणि नाळ आपोआप वाऱ्याकडे, म्हणजे खोल समुद्राकडे, फिरू लागते. ही ओढ मोडण्यासाठी उजव्याच बाजूला जोर लावीत राहिले, तर खांदा लवकरच भरून येतो. सुकाणूच्या डाव्या पेडलवरचा अल्पसा दाब हे सारे श्रम वाचवतो. दिशा राखणे हेच सुकाणूचे मुख्य कर्तव्य, आणि त्या कर्तव्याला सर्वांत मोठा अपाय होतो तो ढिलाईने.

या होड्यांची दुरुस्ती करीत आल्यामुळे एक गोष्ट माझ्या मनात पक्की ठसली आहे: तक्रार सुकाणूच्या पात्यापाशी दिसते, पण तिचे मूळ बहुधा पात्यात नसते. पाय हुकूम देतो, पाते त्याची अंमलबजावणी करते, आणि या दोहोंमध्ये पेडल, तार, नळी, कडी व खीळ अशी कामदारांची लांब साखळी उभी असते; हुकूम हरवतो तो त्या साखळीत कुठेतरी. म्हणून होडी किनाऱ्यावर ठेवून एकाने आत बसावे व पेडले दाबावीत, आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाते पाहावे. पेडल हलूनही पाते क्षणभर थांबत असेल, तर तार सैल आहे. दोन्ही बाजूंना ते सारखे वळत नसेल, तर दोन तारांच्या लांबीत फरक आहे. पेडल जड लागत असेल, तर नळीत वाळू शिरली आहे किंवा तिच्या तोंडाशी तार मुरडली आहे. खाली सोडलेले पाते वेगात आपोआप वर उचलले जात असेल, तर त्याच्या सांध्याचा बोल्ट ढिला असावा. मुळीच खाली उतरत नसेल, तर तोच बोल्ट फाजील आवळलेला असावा. हा क्रम सोडून जो प्रथम पात्यालाच हात घालतो, तो धड असलेला भाग खोलून बसतो.

तारेचा विचार विशेष आस्थेने करावा लागतो. ती बहुधा १.५ मिलिमीटर जाडीची, स्टेनलेस स्टीलच्या बारीक धाग्यांची असते. त्या पोलादाचे रक्षण करतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा सूक्ष्म पापुद्रा, आणि तो टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. नळीत किंवा दाबून बसवलेल्या कडीखाली खारे पाणी साचून राहिले की तिथे प्राणवायू पोहोचत नाही, पापुद्रा फाटतो आणि बाहेरून चकचकीत दिसणारी तार आतून खचते. डोळ्यांना ही खबर मिळत नाही. जुने सुती फडके तारेवरून हलकेच ओढावे; एखादा तुटका धागा असला, तर फडके तिथे अडकते. एक धागा तुटलेली तार मी पुन्हा समुद्रावर पाठवीत नाही.

तार बदलताना जुनी आधी उपसून काढू नये. नवीचे टोक जुनीच्या टोकाला चिकटपट्टीने बांधून दोन्ही एकत्र ओढावीत, म्हणजे नळीचा मार्ग हातचा जात नाही. ग्रीझच्या मोहात तर पडूच नये, कारण त्याला वाळू चिकटते. प्रत्येक फेरीनंतर नळीतून सोडलेले गोडे पाणी, आणि होडीला सावली, एवढा बंदोबस्त बहुतेक दोषांना पुरेसा आहे.

आर्क्टिकमधील इन्युइट शिकाऱ्यांच्या पारंपरिक कयाकला सुकाणू नव्हते, आणि तरी ते वाऱ्यात मार्ग राखीत. ती विद्या आपणही राखली पाहिजे. भर समुद्रात तार तुटली, तर पाते वर घेऊन होडीच्या पाठीवर टेकवावे, वाऱ्याकडची कड किंचित पाण्यात कलवावी, म्हणजे नाळ वाऱ्यापासून दूर वळते. मग त्याच बाजूला वल्ह्याचे लांब फेर घेत किनारा गाठावा. म्हणून शिकायला येणाऱ्याला मी प्रथम सुकाणूवाचून वल्हवायला लावतो आणि नंतरच त्याच्या हाती पाना देतो. कारण वाचणाऱ्या श्रमांचे मोल ज्याच्या खांद्यांना ठाऊक झाले, तो होडी धुतल्याशिवाय घरी जात नाही.