क्रूझ कंट्रोलचा रुसवा

आमच्या चंद्रपूरकडे क्रूझ कंट्रोलचा उपयोग काय, असं विचाराल तर जवळजवळ शून्य! मूलच्या रस्त्याला लागलात की केसलाघाटात कुठून चितळ आडवं येईल, कुठे धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर बिनलाइटचा चालला असेल, काही नेम नाही. तिथे उजवा पाय ब्रेकच्या आसपासच ठेवायचा असतो. गंमत म्हणजे हे यंत्र शोधलं ते राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने, आणि त्याला वयाच्या पाचव्या वर्षापासून दिसत नव्हतं. गाडी चालवता चालवता गप्पा मारणाऱ्या वकिलामुळे बसणाऱ्या हिसक्यांना कंटाळून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. पेटंट मिळालं १९५० मध्ये आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आलं.

असो. तर मंडळी, सांगायची गोष्ट अशी की दिवाळीनंतर पुण्याहून चंद्रपूरला निघालो. छत्रपती संभाजीनगरला समृद्धीवर चढलो, क्रूझ लावलं, पाय मोकळा. वर्धा जिल्ह्यात शिरल्यावर ते आपोआप सुटलं. परत लावलं, दोन मिनिटांनी परत सुटलं. पुढे पुढे तर 'सेट' दाबलं तरी धरेना. डॅशबोर्डवर क्रूझचा हिरवा दिवा मात्र व्यवस्थित लागत होता. बायको म्हणाली, "राहू दे ना, नागपूरनंतर कुठे लागणार आहे ते?" मुद्दा बरोबर होता.

पण दुसऱ्या दिवशी गडचिरोलीहून मामा-मामींना आणायचं होतं. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रविवारी चंद्रपूरला, म्हणजे शनिवारी संध्याकाळी, ऐन तिन्हीसांजेला, ८० किलोमीटर जंगलाचा रस्ता. म्हटलं, जायच्या आधी बघूच. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला झोप लागत नाही, बग उघडा ठेवून.

क्रूझ कंट्रोल तसं भित्र्या स्वभावाचं असतं. वेग धरायला त्याला फार काही लागत नाही, पण नकार द्यायला कारणं भरपूर. स्टिअरिंगवरची बटणं आणि त्यांची गुंडाळलेली वायर, चाकांचे स्पीड सेन्सर, क्लचचा स्विच, ब्रेकचा स्विच. यातलं कोणीही संशयास्पद वागलं की ते काम थांबवतं. मग शनिवारी सकाळी एकेकाला वगळत गेलो. हिरवा दिवा बटणाने लागतो-विझतो आणि हॉर्न वाजतो, म्हणजे स्टिअरिंगकडची वायर बहुधा ठीक. स्पीडोमीटर स्थिर, एबीएसचा दिवा लागलेला नाही, म्हणजे सेन्सरही ठीक. गाडी क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नाही आणि दाबल्यावर दर वेळी होते, त्यामुळे त्याच्यावरचा संशयही कमी. उरला ब्रेक.

ब्रेक पेडलच्या वर एक अंगठ्याएवढा स्विच असतो. माझ्या गाडीत त्याच्या पोटात दोन संपर्क आहेत, एकमेकांच्या उलट वागणारे. पेडल दाबलं की एक जुळतो आणि मागचे लाल दिवे लागतात. त्याच वेळी दुसरा तुटतो आणि क्रूझ सुटतं. गाडीचा कॉम्प्युटर दोघांची साक्ष ताडून पाहतो. दोघांचं जमलं नाही, की त्याच्या लेखी ब्रेकचा भरवसा नाही. मग क्रूझ बंद.

गाडी पोर्चमध्ये उलटी घेतली, मागे पांढरी भिंत. आईला खुर्ची टाकून बसवलं आणि दहा वेळा ब्रेक दाबला. आईने मोजलं, "सात वेळाच लाल झालं रे." मधेच डाव्या-उजव्या आणि काचेवरच्या तिन्ही दिव्यांनी एकदम दांडी मारली होती. तीन बल्ब एकाच क्षणी जात नाहीत आणि परत येत तर नाहीतच. फ्यूज उडाला तर तोही मधूनमधून जिवंत होत नाही. राहिला स्विच, नाहीतर त्याचा कनेक्टर.

आणि इथे माझ्या पोटात गोळा आला. क्रूझ गेल्याचं काहीच नाही हो! पण समृद्धीवर मी ब्रेक मारत होतो तेव्हा दर वेळी मागच्याला ते दिसत होतं की नाही? आणि संध्याकाळी मामा-मामी मागच्या सीटवर असणार होते.

ओळखीच्या एका सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर मंगळवारी स्कॅनला आणा म्हणाले. मग मूल रोडवरच्या एका छोट्या गॅरेजात गेलो. तिथल्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी स्कॅनर वगैरे काही काढलं नाही. टेस्ट लॅम्प काढला, स्टिअरिंगखाली आडवे झाले आणि म्हणाले, "दाबा जी. सोडा. दाबा." पाचव्यांदा म्हणाले, "पाहा, करंट येऊन राहिला, पण पुढे जाऊन नाही राहिला." स्विच उघडून दाखवला. संपर्क काळा पडलेला. नवा अर्ध्या तासात बाजारातून आला, साडेतीनशे रुपये. बसवताना त्यांनी दोनदा पाहिलं की पेडल पूर्ण सुटल्यावर स्विचचा दांडा नीट आत दबतो ना. तिथे अंतर चुकलं तर नवा स्विचही तसाच रुसतो.

भिंतीसमोर परत दहापैकी दहा. लोहाऱ्याच्या पुढे मोकळ्या पट्ट्यावर 'सेट' दाबलं, क्रूझने लगेच धरलं. लगेच बंदही केलं. त्या रस्त्यावर ते वापरायचं नव्हतंच.

परतताना मूल सोडलं तोवर अंधारून आलं होतं. मामांना कहाणी सांगितली तर ते म्हणाले, "काहून रे, एवढ्या गाडीला पायानं पळवता नाही येत का?" पुढे घाटात सात-आठ चितळं रस्त्यावर आली. ब्रेक मारला. नजर समोर कमी आणि आरशात जास्त. मागच्या ट्रकचे दिवे जवळ आले, मंदावले, थांबले. मामी म्हणाल्या, "पिल्लू राहिलं रे मागं, थांब जरा." थांबलो. ट्रकही थांबला.

आमच्या धंद्यात वॉर्निंग त्रास देते म्हणून ती बंद करून टाकणारे पुष्कळ. माझ्या गाडीत ब्रेकचे दिवे बंद पडल्याचं सांगणारा वेगळा इशाराच नाही. क्रूझचं रुसणं हीच काय ती खूण. ऑटोमॅटिक गाडीत हाच स्विच बिघडला तर बऱ्याचदा लिव्हर 'पी'मधून हलत नाही किंवा बटण दाबून इंजिन सुरू होत नाही. तेव्हा बॅटरीला शिव्या घालण्याआधी मागचे दिवे पाहा.

क्रूझ नसेल तरी आज एवढं करा. गाडी भिंतीला पाठ करून लावा, घरातल्या कोणालातरी मागे उभं करा आणि दहा वेळा ब्रेक दाबा. एकदा दाबून सोडू नका, बरं का. पहिल्या खेपेला आमचाही लागला होता.